चित्रपटगृहातील ध्वनियंत्रणेचे दोषशोधन

चित्रपटगृहातील ध्वनियंत्रणेचे दोषशोधन : पडद्यावरील चित्राबरोबर ऐकू येणारा ध्वनी तबकडी, फीत वा संगणकीय संचिका यांवरून उचलून, त्याचे विवर्धन करून तो ध्वनिक्षेपकांपर्यंत पोहोचविणाऱ्या साखळीतील बिघाड नेमका कोणत्या कडीत आहे, हे ठरविण्याचे तंत्र. दुरुस्ती ही त्यानंतरची पायरी होय. तथापि ज्याला दोष सापडतो त्याच्या हाती तो दूर करण्याचे साधन आहे की नाही, हा प्रश्न या तंत्राच्या इतिहासात प्रत्येक काळी उपस्थित झालेला आहे. खेळ चालू असताना आवाज गेला, तर प्रेक्षक शिट्या वाजवू लागेपर्यंत यंत्रचालकाला, म्हणजे सर्वत्र ज्याला ऑपरेटर म्हणतात त्याला, फार थोडा अवधी मिळतो. त्यामुळे कार्यशाळेतील टेबलावर चालणाऱ्या दोषशोधनाहून येथील क्रम उलटा असतो : आधी कसाही का होईना आवाज परत आणावयाचा व मग कारण शोधावयाचे. या निकडीमुळे ध्वनियंत्रणेच्या रचनेत जवळजवळ नेहमीच एक दुय्यम, कमी प्रतीचा परंतु भरवशाचा मार्ग राखून ठेवण्यात आला. हा मार्ग कसा निर्माण झाला आणि चित्रफितीबरोबर तो कसा नाहीसा झाला, यावरच फर्मवेअरमधील बिघाडाचे आजचे गांभीर्य अवलंबून आहे.

तबकडीवरील ध्वनी : वॉर्नर ब्रदर्सने १९२६ मध्ये प्रदर्शित केलेला डॉन वॉन व १९२७ मधील द जॅझ सिंगर हे चित्रपट व्हायटाफोन पद्धतीचे होते. या पद्धतीत चित्र फितीवर व ध्वनी सु. ४० सेंमी. व्यासाच्या तबकडीवर असे. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे या गतीने फिरे, सुई आतून बाहेर सरके व एक तबकडी ३०५ मी. लांबीच्या एका रिळाला, म्हणजे सु. ११ मिनिटांना पुरत असे. बाणाच्या खुणेवर सुई व आरंभीच्या चौकटीवर प्रक्षेपक जुळवून दोन्ही एकाच मोटरीवर सुरू केले जात.

या यंत्रणेतील दोष कोणालाही दिसण्याजोगे होते. सुई बोथट झाली, खाचेतून उडाली किंवा तबकडी झिजली, एवढीच बहुतेक कारणे. तबकडी ठराविक वेळा वाजवून टाकून द्यावयाची असे व किती वेळा वाजली याची नोंद करण्यासाठी तिच्या मध्यभागी चिकटविलेल्या कागदावर चौकोन छापलेले असत. खरी अडचण फीत तुटल्यावर येई. सांधताना १२ चौकटी गेल्या, तर तेथून पुढे ओठ व शब्द यांत अर्ध्या सेकंदाचे अंतर पडे. त्यावर उपाय म्हणून गेलेल्या चौकटींइतकीच काळी फीत मोजून जोडावी लागे. दोष फितीत, परिणाम ध्वनीत आणि उपाय पुन्हा फितीत, असा हा प्रकार होता. एका ठिकाणचे लक्षण व दुसऱ्या ठिकाणचे कारण यांतील फरक ओळखण्याची सवय ऑपरेटरांना येथून लागली. तबकडी हरवली वा फुटली तर मात्र दुसरा मार्ग नव्हता. चित्रपट मूक होत असे.

फितीवरील प्रकाशीय ध्वनिपथ : १९३० च्या सुमारास तबकडी मागे पडली व चित्राच्या कडेला सु. २.५ मिमी. रुंदीच्या पट्टीत छायाचित्रित केलेला ध्वनिपथ रूढ झाला. लहान दिव्याचा प्रकाश भिंगे व फट यांतून जाऊन फितीवर सु. ०.०३ मिमी. जाडीच्या रेषेच्या रूपात पडतो. ध्वनिपथाच्या कमीजास्त रुंदीमुळे किंवा काळेपणामुळे पलीकडे पोहोचणारा प्रकाश बदलत राहतो, व प्रकाशविद्युत् घट त्याचे विद्युत् प्रवाहात रूपांतर करतो. केबिनमध्ये या दिव्याला एक्सायटर म्हणत व हे नाव अखेरपर्यंत टिकले. फीत सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सु. ४५६ मिमी. या वेगाने सरकत असल्याने ९,००० हर्ट्‌झच्या ध्वनीची एक लहर फितीवर केवळ ०.०५ मिमी. लांबीची असते. फटीवर बसलेला धुळीचा कण किंवा रुळावरील तेलाचा थर आवाज घोगरा का करतो, हे या आकड्यांवरून ध्यानात येईल.

या काळातील दोषशोधन मुख्यतः कानाने चाले आणि त्यात मोठे कौशल्य होते. चित्रचौकटीच्या प्रत्येक बाजूस चार छिद्रे असल्यामुळे प्रकाशरेषा सरकून छिद्रांवर पडू लागली, की सेकंदाला २४ × ४ = ९६ कंपनांची घरघर ऐकू येते. तीच रेषा विरुद्ध बाजूला सरकून चित्रावर गेली, तर चौकटींमधील रेषांमुळे २४ कंपनांची धडधड होते. भारतासारख्या ५० हर्ट्‌झ विद्युत् पुरवठ्याच्या देशात एक्सायटरचा एकदिशकारक बिघडला, तर १०० हर्ट्‌झची गुणगुण येते. ९६ व १०० यांतील फरक नवख्या कानाला कळत नाही. त्यासाठीची युक्ती साधी होती : फीत थांबवावी. घरघर थांबली तर दोष फितीच्या मार्गात, राहिली तर विद्युत् पुरवठ्यात. आवाज लहरत असेल तर प्रचक्राचा धारवा पहावा. आवाज मुळीच नसेल तर दिवा व घट यांच्या मधून पुठ्ठ्याचा तुकडा झर्रकन फिरवावा. ध्वनिक्षेपकातून ‘ठप’ असा आवाज आला, तर घटापासून पुढची सगळी साखळी शाबूत आहे असे समजावे. दोन प्रक्षेपकांची सोय असल्याने एकाचा ध्वनी बंद करून दुसऱ्याचा जोडून पाहणे हीही नित्याची परीक्षा होती. दोष दोन्हींकडे असेल, तर तो दोहोंना सामाईक असलेल्या विवर्धकात किंवा त्यापुढे असणार हे उघड होते. साखळी मधोमध तोडून कोणत्या अर्ध्या भागात दोष आहे हे ठरवीत जाण्याचे हे तत्त्व आजच्या अंकीय यंत्रणेसही लागू आहे.

कानाला मोजमापाची जोड चाचणी-फितींनी दिली. ध्वनिपथाच्या जागेच्या एका बाजूस ३०० व दुसऱ्या बाजूस १,००० हर्ट्‌झचा स्वर असलेली फीत लावली, की रेषा कोणत्या बाजूला सरकली आहे ते ऐकूनच कळे. अमेरिकेतील चलच्चित्र अकादमीच्या संशोधन मंडळाने १९३८ मध्ये चित्रपटगृहातील पुनरुत्पादनाचा प्रमाणित वक्र निश्चित केला. प्रकाशीय ध्वनिपथाची खरखर दडविण्यासाठी त्यात उच्च कंप्रता मुद्दाम दाबलेल्या होत्या. त्यामुळे कित्येक बारीक दोषही दडून जात, ही त्या वक्राची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते.

दुरुस्तीचा अधिकार : अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकची यंत्रसामग्री तिची दुय्यम कंपनी इलेक्ट्रिकल रिसर्च प्रॉडक्ट्स चित्रपटगृहांना भाडेपट्ट्याने देत असे. यंत्र बसविण्याचा आकार, दर आठवड्याचे सेवाशुल्क व सुटे भाग याच कंपनीकडून घेण्याचे बंधन, अशा अटी करारात होत्या. नळ्या व सुटे भाग स्वतंत्रपणे बनविणारे उत्पादक व काही चित्रपटगृहचालक यांनी याविरुद्ध दाद मागितली. डेलावेअर येथील संघीय न्यायालयाने १९३३ मध्ये सुट्या भागांविषयीची अट एकाधिकारविरोधी कायद्याशी विसंगत मानून तिच्या अंमलबजावणीस मनाई केली. १९३७ मध्ये या कंपनीने चित्रपटगृहांच्या सेवेच्या व्यवसायातून अंग काढून घेतले व तिच्याच माणसांनी ऑल्टेक ही स्वतंत्र सेवा कंपनी उभारली. ‘सर्व तांत्रिक’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून तिचे नाव पडले. कराराचे बंधन सैल होताच स्थानिक कारागीर पुढे आले. हे शक्य झाले, कारण यंत्रातील कोणताही भाग उघडून पाहता येई, मोजता येई व बदलता येई. मज्जाव होता तो कागदावर होता, यंत्रात नव्हता.

भारतात बोलपटाचे युग मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झालेल्या अर्देशिर इराणी यांच्या आलम आरा पासून सुरू झाले. पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीचा अयोध्येचा राजा हा मराठी बोलपट आला. महाराष्ट्रात जत्रांतून तंबू ठोकून खेळ करणाऱ्या फिरत्या चित्रपटगृहांमुळे या तंत्राला एक निराळीच शाखा फुटली. तेथे वीज तेलावर चालणाऱ्या जनित्राची असे. त्याची गती घसरली की प्रक्षेपकाची मोटर मंदावे आणि नायिकेचा आवाज जाड होई. मग दोष ध्वनिशीर्षात नसून तंबूबाहेरच्या एंजिनात आहे, हे ओळखावे लागे. अशा ऑपरेटरांना विद्युत् शास्त्राचे पुस्तकी शिक्षण बहुधा नसे. यंत्र आपली व्यथा ध्वनीतूनच सांगत असल्याने त्यांचे काम अडत नसे.

सुटी पत्रे व पेचकस : १९५३ मध्ये द रोब या चित्रपटाबरोबर चार चुंबकीय ध्वनिपथांची पद्धती आली आणि १९५५ पासून ७० मिमी. फितीवर सहा चुंबकीय ध्वनिपथ वापरले जाऊ लागले. भारतात शोले (१९७५) हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. चुंबकीय शीर्षे लवकर झिजत व प्रती महाग पडत, म्हणून ही पद्धती मोठ्या शहरांपुरतीच राहिली. सामान्य चित्रपटगृहात बदल घडविला तो रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये स्थापन केलेल्या प्रयोगशाळेने. तिच्या गोंगाट कमी करणाऱ्या मंडलांमुळे साध्या प्रकाशीय ध्वनिपथावर चार मार्गांचा ध्वनी सामावणे शक्य झाले. लिस्टोमेनिया (१९७५) व विशेषतः स्टार वॉर्स (१९७७) या चित्रपटांनंतर ही पद्धती जगभर पसरली.

दोषशोधनाच्या दृष्टीने या काळातील ध्वनिप्रक्रियक आदर्श मानावे लागतील. प्रत्येक कार्यासाठी वेगळे, खाचेत सरकवून बसविण्याचे मंडलपत्र असे व त्यावर क्रमांक छापलेला असे. डावीकडचा आवाज गेला तर डावे व उजवे पत्र एकमेकांच्या जागी घालून पहावे; दोष पत्राबरोबर उजवीकडे गेला तर पत्र सदोष, जागीच राहिला तर दोष अन्यत्र. प्रेक्षागृहाच्या ध्वनिगुणांनुसार करावयाची जुळणी लहान पेचकसाने फिरविण्याच्या रोधकांनी होई. सर्व सप्तकांत सारखी ऊर्जा असलेला गोंगाट सोडून, श्रोत्यांच्या जागी ठेवलेल्या ध्वनिग्राहकाने मोजून, पडद्यामागील प्रत्येक मार्गाची पातळी ८५ डेसिबेलवर आणली जाई. एकदा फिरविलेला रोधक वीज गेली तरी जागीच राहतो. पुढे घडलेल्या बदलाच्या संदर्भात ही क्षुल्लक वाटणारी बाब महत्त्वाची आहे.

फितीवरील अंकीय ध्वनी : १९९२ मध्ये बॅटमन रिटर्न्स बरोबर डॉल्बी डिजिटल ही पद्धती आली. तीत फितीच्या एका कडेच्या छिद्रांमधील जागेत ७६ × ७६ ठिपक्यांचे चौकोन छापलेले असतात. असे ९६ चौकोन दर सेकंदाला वाचले जातात. १९९३ मध्ये ज्युरासिक पार्क बरोबर आलेल्या डीटीएस पद्धतीत फितीवर केवळ कालसंकेताची बारीक रेघ व ध्वनी वेगळ्या संगणकीय तबकड्यांवर, अशी योजना होती. त्याच वर्षी सोनीनेही फितीच्या दोन्ही कडांवर अंकीय ध्वनी छापण्याची पद्धती आणली. डीटीएस म्हणजे एका अर्थी व्हायटाफोनचा पुनर्जन्मच होय. फरक इतकाच, की तबकडीला प्रत्येक क्षणी फीत कोठे आहे हे कळत असल्याने तुटलेली फीत सांधल्यावर काळ्या चौकटी मोजण्याची गरज उरली नाही.

अंकीय ध्वनीचा दोष वेगळ्या तऱ्हेने प्रकट होतो. प्रकाशीय ध्वनी फीत मळत जाईल तसा हळूहळू बिघडतो व महिनाभर आधी सूचना देतो. अंकीय पद्धतीत रीड व सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या संकेतप्रकारामुळे चुकलेले अंक आपोआप सुधारले जातात आणि ध्वनी अखेरपर्यंत निर्दोष राहतो; सुधारण्याची मर्यादा ओलांडली की मात्र तो एकदम तुटतो. कानाला मिळणारी पूर्वसूचना अशा रीतीने नाहीशी झाल्याने यंत्राच्या दर्शनी भागावर चुकांचे प्रमाण आकड्याने दाखविण्याची सोय करावी लागली. ऑपरेटरने ऐकण्याऐवजी वाचावयास आरंभ केला तो येथून.

तरीही वरील तिन्ही पद्धतींच्या प्रतींवर जुना प्रकाशीय ध्वनिपथ कायम ठेवलेला होता. अंकीय वाचन अशक्य झाले, की यंत्र क्षणार्धात त्यावर उतरे व अंक पुन्हा वाचता येऊ लागले की परत चढे. बहुतेक प्रेक्षकांना आवाज जरासा अरुंद झाल्याखेरीज काही कळत नसे. दुय्यम मार्ग इतक्या सफाईने ना आधी कधी उपलब्ध होता, ना नंतर.

फर्मवेअर व त्यातील बिघाड : यंत्राच्या स्मृतीत कायमस्वरूपी भरलेल्या व यंत्राला त्याचे मूळ वर्तन देणाऱ्या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. ही संज्ञा ॲशर ऑप्लर यांनी १९६७ मध्ये योजिली. यंत्राचा कठीण भाग व संगणकाची सहज बदलता येणारी आज्ञावली यांच्या मधली ही अवस्था असल्याने ‘दृढ’ अशा अर्थाचा शब्द त्यांनी निवडला. ध्वनिप्रक्रियकात सूक्ष्मप्रक्रियक आल्यावर ही आज्ञावली प्रथम पुसता येण्याजोग्या स्थिर स्मृतिपटलात ठेवीत. इंटेलने १९७१ मध्ये आणलेल्या या पटलाला क्वॉर्ट्‌झची खिडकी असे. तीतून जंबुपार किरण सोडले की मजकूर पुसला जाई, म्हणून एरवी तिच्यावर चिकटपट्टी लावीत. सुधारित आवृत्ती म्हणजे टपालाने येणारे नवे पटल. तंत्रज्ञ ते खाचेत बसवी व जुने डबीत घालून यंत्राच्या पेटीतच ठेवी. नव्याने घोटाळा केला तर जुने परत बसविता येई.

तोशिबा कंपनीतील फूजिओ मासुओका यांनी विकसित केलेल्या व १९८४ मध्ये जाहीर झालेल्या फ्लॅश स्मृतीने ही डबी अनावश्यक केली. नवी आवृत्ती तारेतून भरता येऊ लागली. परंतु ती भरताना जुनी आधी पुसली जाते. या अवधीत वीज गेली, तर यंत्राजवळ जुनी आज्ञावलीही राहत नाही व नवीही पुरी होत नाही. असे यंत्र तंत्रज्ञांच्या बोलीत ‘ब्रिक’, म्हणजे नुसती वीट बनते. महाराष्ट्रात २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमन नित्याचे होते. त्या काळात अखंड वीजपुरवठ्याच्या साधनाशिवाय असे काम करणे हे साहसच होते.

अपुरे राहिलेले भरण हे एकच कारण नव्हे. फ्लॅश स्मृतीच्या प्रत्येक घटकात निरोधक थराने वेढलेल्या द्वारावर इलेक्ट्रॉनांचा अतिसूक्ष्म साठा असतो व तो आहे की नाही यावरून ० वा १ ठरतो. हा साठा वर्षानुवर्षे झिरपत राहतो. उत्पादक सामान्यतः १० ते २० वर्षांची शाश्वती देतात. झेनॉन दिव्याच्या उष्णतेने तापलेल्या केबिनमध्ये ती आणखी घटते. पुनःपुन्हा लिहिल्यानेही घटक झिजतात. तसेच एका प्रतिकृतीची आज्ञावली दुसऱ्या प्रतिकृतीत भरली जाणे, हा निव्वळ मानवी प्रमादही घडतो.

लक्षणे दोन प्रकारची असतात. पहिल्यात यंत्र सुरूच होत नाही : दर्शकावर उत्पादकाचे चिन्ह येऊन थबकते, सर्व दिवे एकाच वेळी पेटून राहतात, किंवा यंत्र दर काही सेकंदांनी स्वतःच पुन्हा सुरू होत राहते. दुसऱ्या प्रकारात आज्ञावली शाबूत असते व तिच्या शेजारी साठविलेली जुळणीची कोष्टके तेवढी बिघडतात. पूर्वीच्या पेचकसाची जागा या कोष्टकांतील अंकांनी घेतलेली असल्याने एखादा पार्श्वध्वनिक्षेपक मुका होतो, ओठ व शब्द यांचे अंतर चुकते किंवा प्रेक्षागृहासाठी केलेली सारी जुळणी सपाट होते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा दुसरा प्रकार अधिक घातक होय. मुके यंत्र त्याच दिवशी दुरुस्त होते; वाईट आवाजाचे यंत्र मात्र महिनोन्‌महिने चालते, कारण प्रेक्षक दोष चित्रपटाला देतात.

फर्मवेअर बिघडल्याचा निष्कर्ष अखेरीस काढावयाचा असतो. यंत्र पुनःपुन्हा सुरू होण्याचे फार वेळा आढळणारे कारण स्मृतीत नसून विद्युत् पुरवठ्यात असते : विद्युत् विच्छेद्य धारित्रे वाळतात, ५ व्होल्टचा दाब भार येताच खाली जातो आणि सूक्ष्मप्रक्रियक अडखळतो. दाब भारासह मोजल्याशिवाय नवी आज्ञावली भरावयास घेणे ही या क्षेत्रातील सर्वांत महाग पडणारी घाई आहे, कारण डळमळत्या दाबावर भरण अर्धवट राहते व तोपर्यंत धड असलेली प्रतही जाते. दाब ठीक असेल तर जोडतारा, खाचा व स्मृतिपत्राचे दात पहावेत. त्यानंतर यंत्राने स्वतः ठेवलेली दोषनोंद वाचावी. दर्शक मृत असला तरी पुष्कळ यंत्रांच्या क्रमिक जोडणीतून आरंभीचा मजकूर बाहेर पडतो; तो संगणकावर वाचला की यंत्र कोणत्या पायरीवर थांबले ते कळते. आज्ञावली सुरू होण्यापूर्वी तिच्या सर्व अंकांवरून एक तपासणी-अंक काढून तो साठविलेल्या अंकाशी ताडून पाहतात. ही चक्रीय तपासणी पीटरसन यांनी १९६१ मध्ये मांडली. दोन्ही अंक जुळले नाहीत, तर बिघाड खरोखरच स्मृतीत आहे.

यावरील उपाय आरंभभरक या छोट्या आज्ञावलीवर विसंबून असतो. ती वेगळ्या, सहसा न पुसल्या जाणाऱ्या भागात असते व मुख्य आज्ञावली गेली तरी नवी आत घेण्याइतके तिला कळते. चांगल्या रचनेत मुख्य आज्ञावलीच्या दोन प्रती ठेवतात. नवी भरताना एकच पुसली जाते व ती नीट सुरू झाल्याची खात्री झाल्यावरच दुसरीचा हक्क संपतो. डबीतले जुने पटल अशा रूपाने परत आले असे म्हणता येईल. आरंभभरकच गेला, तर पटलाला बाहेरून उपकरण जोडून मजकूर थेट लिहावा लागतो व हे काम केबिनमध्ये होत नाही. दरम्यान खेळ चालविण्यासाठी अनेक ध्वनिप्रक्रियकांत सूक्ष्मप्रक्रियकाला वगळून जाणारा आपत्कालीन उपमार्ग असतो. तो बहुधा एकमार्गी ध्वनी पडद्यामागील मध्य ध्वनिक्षेपकाला देतो. ज्या चित्रपटगृहात जुळणीच्या कोष्टकांची प्रत संगणकात व शिवाय कागदावर लिहून ठेवलेली असते, तेथे दुरुस्तीनंतरचे काम तासाभराचे. अन्यथा ध्वनिग्राहक लावून सारे मोजमाप नव्याने करावे लागते. आपल्याकडे नवा चित्रपट शुक्रवारी लागतो, म्हणून गुरुवारी रात्री नवी आवृत्ती भरू नये, हा जाणत्या तंत्रज्ञांचा संकेत कोणत्याही पुस्तिकेत छापलेला नसला तरी पाळण्याजोगा आहे.

फितीविना चित्रपटगृह : अमेरिकेतील सात चित्रपट कंपन्यांनी २००२ मध्ये स्थापन केलेल्या संयुक्त मंडळाने जुलै २००५ मध्ये अंकीय चित्रपटाची विनिर्देशिका प्रसिद्ध केली. तीनुसार चित्रपट हा सांकेतिक कुलपात बंद केलेल्या संचिकांचा संच असतो; ध्वनी २४ अंकी, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्‌झ नमुनादराचा, असंकोचित व १६ मार्गांपर्यंत असतो. ध्वनीचा दर्जा निःसंशय वाढला. पण संचात प्रकाशीय ध्वनिपथासारखी दुसरी वाट नाही. ध्वनिप्रक्रियक थांबला तर त्याचा स्वतःचा उपमार्ग तरी असतो. त्याच्याही आधी बसणारे, कुलूप उघडून चित्र व ध्वनी वेगळे करणारे माध्यम-मंडल थांबले तर पडदाही काळा पडतो.

या मंडलात दोषशोधनाच्या इतिहासात पूर्वी नसलेली एक गोष्ट आहे. त्याची गुप्त किल्ली विद्युत् घटाच्या आधारावर जिवंत राहणाऱ्या स्मृतीत असते. संरक्षक आवरण उघडल्याची शंका येताच, किंवा तो घट संपताच, ती आपली आपण पुसली जाते. येथे स्मृती नष्ट होणे हा बिघाड नसून नेमून दिलेले कार्य आहे. तंत्रज्ञाला दिसणारे लक्षण मात्र एकच : मंडल चित्रपट स्वीकारीत नाही. आज्ञावली बिघडली आहे, किल्ली पुसली गेली आहे, की प्रदर्शनाच्या परवान्याची मुदत व यंत्राचे घड्याळ यांचा मेळ बसत नाही, हे नोंदी वाचूनच ठरवावे लागते. हे घड्याळही हवे तसे लावता येत नाही. वर्षभरात त्यात एकूण सहा मिनिटांपर्यंतच फेरफार करण्याची मुभा आहे. किल्ली गेलेले मंडल उत्पादकाकडेच पाठवावे लागते. पत्र काढून शेजारच्या खाचेत घालून पाहण्याची जुनी रीत येथे नुसती निरुपयोगी नाही, तर तीच नवा दोष उत्पन्न करू शकते.

चोरीपासून संरक्षण हवे हे चित्रपट कंपन्यांचे म्हणणे रास्त आहे. मात्र ध्वनिप्रक्रियकासारख्या, किल्ल्यांशी संबंध नसलेल्या उपकरणाची आज्ञावलीही अनेकदा केवळ अधिकृत विक्रेत्यालाच मिळते, याचे समर्थन त्याच कारणाने होत नाही. उत्पादक व्यवसायात असेपर्यंत ही अडचण पैशाची व विलंबाची असते. तो बाजूला झाला की ती कायमची होते. डीटीएसने आपला चित्रपटगृह विभाग २००८ मध्ये विकला, डोरेमी ही सर्व्हर बनविणारी कंपनी २०१४ मध्ये डॉल्बीने घेतली व सोनी २०२० मध्ये चित्रपट प्रक्षेपकांच्या व्यवसायातून बाहेर पडली. एकपडदा चित्रपटगृहाच्या मालकाला वीस वर्षांचे ध्वनिप्रक्रियक आज्ञावलीअभावी मोडीत काढावे लागणे ही त्यामुळे केवळ कल्पना उरलेली नाही.

१९३३ मधील वाद आता वेगळ्या कायद्याच्या कक्षेत आला आहे. अमेरिकेत आज्ञावलीवरील कुलूप दुरुस्तीसाठी उघडण्यास स्वामित्वहक्क कायद्यातून दर तीन वर्षांनी सवलती दिल्या जातात. २०१८ मध्ये वाहने व घरगुती उपकरणे, २०२१ मध्ये ग्राहकोपयोगी उपकरणे आणि २०२४ मध्ये किरकोळ विक्रीच्या ठिकाणची खाद्यपदार्थ बनविण्याची व्यापारी यंत्रे यांना ती मिळाली. सर्वच व्यापारी व औद्योगिक यंत्रांसाठी केलेली मागणी मात्र २०२४ मध्ये मान्य झाली नाही व चित्रपटगृहातील यंत्रसामग्री त्या सवलतींबाहेर राहिली. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी २०२२ मध्ये समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनीय उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू व वाहने ही तिच्यापुढील क्षेत्रे होती.

संग्रहालयांपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. व्हायटाफोनच्या चित्रफिती व तबकड्या निरनिराळ्या ठिकाणी विखुरल्या होत्या. त्यांच्या जोड्या लावण्याचे काम अमेरिकेतील हौशी संग्राहकांनी १९९१ पासून व्हायटाफोन प्रकल्पाद्वारे हाती घेतले. ज्यांची तबकडी मिळाली नाही, ते चित्रपट अद्याप मूक आहेत. डीटीएसच्या प्रतींना तबकड्यांखेरीज त्या वाचणारे यंत्र व त्या यंत्राची धड स्थितीतील आज्ञावली अशा तीन गोष्टी लागतात आणि त्यांपैकी तिसरी बहुतेक सूचींत नोंदलेलीच नसते. १९९३ मधील ज्युरासिक पार्क च्या ३५ मिमी. प्रतीवर मात्र कालसंकेताच्या रेघेशेजारी प्रकाशीय ध्वनिपथही आहे. एक्सायटर दिवा, फट व प्रकाशविद्युत् घट असलेल्या कोणत्याही ध्वनिशीर्षावर तो आजही ऐकू येतो.